खळी पडलेली किल्ली

महागडं डिंपल कुलूप उघडणं किती कठीण? जाम कठीण. पण चोराला ते उघडायचंच नसतं, हीच तर गोची आहे!

शुक्रवारी ऑफिसातून जरा लवकर सटकलात. कसाऱ्याला हायवे सोडून विहीगाव-खोडाळ्याच्या रस्त्याला लागलात. बाहेर धुकं, भाताची खाचरं, मोखाड्याकडे नेणारी वळणं. उद्या जव्हार, दाभोसा धबधबा, संध्याकाळी सनसेट पॉइंट. मूड एकदम सही. आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज येतो, “दार नीट लॉक केलंय ना रे?”

खल्लास! प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक प्राणी असतोच. मग कुणीतरी ऐटीत खिशातून किल्ली काढून दाखवतं. “टेन्शन नॉट. डिंपल लॉक आहे. कुणाच्या बापाला उघडणार नाही!”

मंडळी, आजचा आपला विषय हाच. कुणाच्या बापाला उघडणार नाही, असं कुलूप खरंच असतं का?

गालावर नाही, किल्लीवर

डिंपल म्हटलं की आपल्याला आधी कपाडियांची आठवण येणार, नंतर प्रीती झिंटाची. इथे खळी आहे ती किल्लीच्या गालावर. आपल्या नेहमीच्या किल्लीला कडेला करवतीसारखे दाते असतात. डिंपल किल्लीची कड सरळ, गुळगुळीत. तिच्या सपाट अंगावर कमी-जास्त खोलीचे छोटे छोटे खळगे असतात. बहुतेक किल्ल्यांना दोन्ही बाजूंना तेच खळगे असतात, त्यामुळे अंधारात उलटी घातली तरी चालते. रात्री दोनला पार्टीहून परतणाऱ्यांची मोठी सोय!

आत काय चालतं? फंडा तसा जुनाच. लायनस येल या अमेरिकन माणसानं १८६० च्या दशकात पेटंट घेतलेल्या कुलपाचाच. कुलपाच्या बाहेरच्या कवचात एक गोल दांडा बसवलेला असतो. त्या दोघांच्या मधून आरपार काही पिना जातात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, पाठीमागे स्प्रिंग. चुकीची किल्ली घातली, की एखादी पिन दांड्यात आणि कवचात अशी दोन्हीकडे अडकून राहते आणि दांडा जागचा हलत नाही. बरोबर किल्ली घातली, की प्रत्येक पिनेचा जोड नेमका सीमारेषेवर येतो. सगळ्या जोडांची एक ओळ झाली, की दांडा फिरलाच.

डिंपलवाल्यांनी काय केलं, तर या पिना किल्लीच्या कडेला न भिडवता सपाट अंगावर भिडवल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ साली काबा कंपनीच्या फ्रिट्झ शोरीनं अशी दोन्ही बाजूंनी चालणारी किल्ली काढली. सपाट अंगावर जागा जास्त, म्हणून पिनाही जास्त. एका रांगेऐवजी दोन-तीन रांगा, काही पिना तिरक्या कोनात. १९७३ साली इस्रायलमध्ये सुरू झालेल्या मल-टी-लॉकनं त्यावर कडी केली. त्यांनी पिनेच्या पोटात दुसरी पिन घातली. आता बाहेरचीही जुळायला हवी आणि आतलीही!

टेबलावरचं युद्ध

किल्लीशिवाय कुलूप उघडणं हा जगात अनेकांचा चक्क छंद आहे. जर्मनीत १९९७ साली अशा हौशी लोकांचा रीतसर क्लब निघाला. स्पर्धा होतात, घड्याळ लावून. या मंडळींचे दोन नियम पक्के असतात. जे कुलूप स्वतःच्या मालकीचं, त्यालाच हात लावायचा. आणि जे रोजच्या वापरात आहे, ते स्वतःचं असलं तरी सोडून द्यायचं, कारण बिघडलं तर रात्र जिन्यात काढावी लागेल.

यांचा सगळा खेळ एका गोष्टीवर चालतो. माणसानं बनवलेली कुठलीच वस्तू शंभर टक्के अचूक नसते. सगळी भोकं एका रेषेत असावीत, पण केसाइतका फरक राहतोच. त्यामुळे दांड्यावर हलका दाब दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, एक आधी अडते, मग दुसरी. हा फरक बोटांना जाणवला पाहिजे. कान, डोळे आणि हुशारी यापेक्षा इथे बोटं कामाला येतात. तंबोरा जुळवणाऱ्याला जसं तारेतलं सुतभर अंतर कळतं, तसंच काहीसं.

डिंपल कुलपात हा खेळ अवघड का होतो? एक तर किल्लीची फट अरुंद, आणि पिना समोर नाहीत तर बाजूला. साधा हुक तिथे पोचला तरी दाबायला जागा नसते. दुसरं, चांगल्या कंपनीच्या कुलपात तो केसाइतका फरकही इतका कमी केलेला असतो, की बोटांना काही सांगतच नाही. आणि तिसरं सगळ्यात बदमाश : डमरूच्या आकाराच्या पिना. मध्ये बारीक, दोन्ही टोकांना जाड. त्या अर्धवट वर गेल्या की दांडा थोडासा फिरतो. उघडणाऱ्याला वाटतं, जिंकलो! आणि तिथेच सगळं अडकतं. मागे जावं तर जुळलेल्या पिनाही खाली पडतात. नवशिक्याचे आठवडेच्या आठवडे या एका डमरूपायी जातात म्हणे.

पण इथे एक गंमत लक्षात घ्या. किल्लीला खळ्या आहेत म्हणून कुलूप भारी, असं अजिबात नाही. कुलपाचा कस खळीत नसतो, अचूकपणात असतो. बाजारात दिसायला सेम टू सेम डिंपल, पण आतून ढिलं, असाही माल आहे. त्यापेक्षा जुन्या पद्धतीचं, नीट बनवलेलं कुलूप परवडलं. गालावर खळी आहे म्हणून स्वभावही गोड असेल, असं समजणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

५१ तास

कुलूपवाल्यांच्या फुशारकीचा सगळ्यात गाजलेला फुगा फुटला तो १८५१ साली लंडनमध्ये. ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या काचेत १७९० पासून एक कुलूप मांडलेलं होतं. जो किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस! साठ वर्षं कुणाला जमलं नाही. मग ग्रेट एक्झिबिशनच्या निमित्तानं अमेरिकेहून ए. सी. हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्यानं आधी चबचं प्रसिद्ध डिटेक्टर कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं, आणि मग ब्रामाच्या मागे लागला. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण ते उघडलं.

इंग्लंडात केवढा गहजब! अशा गोष्टी जाहीरपणे करून चोरांना शिकवता का, असा लोकांचा सवाल. हॉब्जचं म्हणणं साधं होतं. चोरांना त्यांचा धंदा आधीच माहीत असतो, माहीत नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्याला. आज सॉफ्टवेअरमधले लोक बग शोधणाऱ्याला बक्षीस देतात, त्यामागेही हाच विचार आहे. तुमच्यापैकी अर्धे लोक आयटीतच आहेत, तुम्हाला काय सांगायचं!

आपल्या मुंबईतही कुलपांची गोष्ट चोऱ्यांपासूनच सुरू झाली. आर्देशीर गोदरेज वकिली सोडून आलेले. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा धंदा आधी करून पाहिला, तो चालला नाही. मग शहरात घरफोड्या वाढल्याची बातमी वाचनात आली आणि १८९७ साली लालबागला एका शेडमध्ये त्यांनी कुलपं बनवायला घेतली. परदेशी कुलपांवर भरवसा ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला देशी कुलूप तेवढंच चोख असतं, हे पटवणं हेच तेव्हा मोठं आव्हान होतं. पुढे ‘गोदरेजचं कुलूप’ हा मराठीत वाक्प्रचारासारखाच वापरला जायला लागला. घट्ट मिठाची गुळणी धरून बसलेल्या माणसाच्या तोंडाला कुठलं कुलूप असतं, ते विचारा कुणालाही!

कडीकोयंडा उचकटून

आता मुद्द्यावर येऊ. मराठी पेपरातली घरफोडीची बातमी आठवा. भाषा ठरलेली : ‘अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला आणि कपाटातील ऐवज लंपास केला.’ नाहीतर ‘कटावणीच्या साहाय्याने कुलूप तोडून.’ ‘डमरू पिनांवर मात करून’ अशी बातमी वाचलीत कधी?

म्हणजे आपण कुलपावर चार हजार घालतो, आणि ते कुलूप ज्या चौकटीत बसतं ती असते बिल्डरनं दिलेली, दोन स्क्रूंवर तगलेली. चोर कुलपाशी बुद्धिबळ खेळायला येतच नाही. तो पट उधळून टाकतो. नाहीतर बाथरूमच्या काचा काढतो. नाहीतर चपलांच्या रॅकवर, तुळशीच्या कुंडीखाली, मीटरच्या पेटीत हात घालतो आणि किल्लीच घेऊन आत जातो. आपल्याला वाटतं, ही जागा फक्त आपल्यालाच सुचली!

कुलूप बनवणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. अमेरिकेत यूएल ४३७ नावाचं हाय सिक्युरिटी कुलपांचं मानक आहे. त्यात पिकिंगला तोंड देण्याची अट किती, माहितीये? १० मिनिटं. ड्रिलला ५ मिनिटं. वाचून धक्का बसला ना? पण मानक बनवणारे वेडे नाहीत. ‘कधीच उघडणार नाही’ असं ते म्हणतच नाहीत. ते म्हणतात, ‘एवढा वेळ तरी उघडणार नाही.’ ब्रामानं ५१ तास दिले, चबनं २५ मिनिटं, तुमचं डिंपल देईल १० मिनिटं.

म्हणजे दुकानातून आपण आणतो तो वेळ असतो, फक्त पितळेच्या वेष्टनात गुंडाळलेला. आता खरा प्रश्न असा, की त्या दहा मिनिटांत तिकडे कोण येणार आहे? जिन्यात अनोळखी माणूस खुडबुड करतोय, तर थांबून ‘कोण पाहिजे?’ असं विचारणारं कुणी आहे का? नसेल, तर दहा मिनिटं काय आणि ५१ तास काय, सारखंच.

किल्ली आणि किल्ला

जव्हारला जाणारच आहात, तर शिरपामाळावर जरा थांबा. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे आले, आणि जव्हारच्या मुकणे राजांनी त्यांचा मानाचा शिरपेच देऊन सन्मान केला, असं इथे सांगतात. शिरपामाळ हे नाव त्यावरूनच.

इथून पुढे सुरतेत काय झालं ते आपण शाळेत शिकलो. पण कुलपाच्या नजरेनं ती गोष्ट पुन्हा पाहा. विरजी व्होरा हा तेव्हाच्या जगातल्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. त्याच्या वाड्याला, पेट्यांना कुलपं कमी असतील का? पण शहराचा सुभेदार इनायतखान स्वतःच किल्ल्यात जाऊन दार लावून बसला. शहर राखणाराच किल्ल्यात, मग शहराच्या किल्ल्या कुणाच्या काय कामाच्या? इंग्रज आणि डच आपापल्या वखारीत माणसं घेऊन उभे राहिले, ते वाचले. कुलूप दोघांकडेही होतं. फरक होता तो कुलपामागे उभ्या असलेल्या माणसांचा.

साठ रुपयांचं कुलूप

आणि आता ज्या रस्त्यानं तुमची गाडी चाललीये, त्याच रस्त्याच्या बाजूची घरं बघा. पावसाळ्यात नाही, दिवाळीनंतर बघा.

जव्हार-मोखाड्यात वर्षाला एक पीक. पावसाचं भात, नागली, वरई. ते निघालं की हाताला काम नाही. मग दिवाळी झाली की पाडे रिकामे व्हायला लागतात. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा कुटुंबं बिऱ्हाड बांधून भिवंडी, वसई, ठाण्याकडे निघतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. शिमग्याला चार दिवस घरी येऊन जायचं, आणि पावसाच्या तोंडावर परत. मुलांची शाळा बुडू नये म्हणून गावातच हंगामी वसतिगृहं चालवावी लागतात.

निघताना दाराला कुलूप लागतं. दुकानात पन्नास-साठ रुपयांत मिळतं तसलं. लॉक पिकिंगवाल्यानं हसावं असं. त्यात जुनी घरं कारवीच्या कुडाची, वरून माती-शेणाचं लिंपण. म्हणजे कुलूप तोडायचीही गरज नाही, भिंतच बाजूला करता येईल. तरी ते कुलूप चार-पाच महिने दारावर तसंच राहतं.

कारण शेजारच्या ओट्यावर म्हातारी बसलेली असते. जी पोरांबरोबर भट्टीवर जाऊ शकत नाही, ती सगळ्या पाड्याचा सीसीटीव्ही असते. पाड्यात नवं माणूस आलं की कुत्री आधी बोलतात आणि ती मागून बोलते. त्या कुलपाला दहा मिनिटं नाही, दहा सेकंदंही टिकायची गरज पडत नाही. ते नुसतं सांगत असतं, की या घरातली माणसं परत येणार आहेत.

आत असतं तरी काय? चार भांडी, कणगीतलं थोडं भात, पुढच्या पेरणीचं बियाणं. तुमच्या-आमच्या हिशेबानं किरकोळ. त्यांच्या हिशेबानं पुढचा पावसाळा.

इथे आपण शहरी लोक लगेच भावुक होतो. ‘गावाकडे बघा, अजून माणुसकी आहे!’ आणि फोटो टाकून मोकळे. पण जरा थांबा. ते कुलूप हौसेनं लागलेलं नाही. पिकनिकला जाताना लावलेलं नाही. गावात काम नाही म्हणून लागलेलं आहे. महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, देशाच्या किती तरी आधी. तरी दिवाळीनंतर या दारांवर कुलपं दिसतातच. हाय सिक्युरिटी कशाला म्हणायचं? पन्नास वर्षांत ज्याची किल्ली कुणाला बनवता आली नाही, त्या या साठ रुपयांच्या कुलपाला!

आणि गंमत म्हणा की वाईट म्हणा, हे कुलूप तुमच्या कुलपाला अगदी जवळून ओळखतं. ज्या चौकटीत तुमचं डिंपल बसलंय, तिच्या दोन्ही बाजूंची भिंत कशाची आहे? विटांची असेल, तर त्या कुठल्या तरी भट्टीवरून आल्या असणार. कदाचित त्या थापणाऱ्या हातांनीच आपल्या घराला ते कुलूप लावलेलं असेल.

पूर्वी चाळीत काय असायचं? “वहिनी, किल्ली ठेवते हं, मुलं शाळेतून आली की द्या.” संपली सिक्युरिटी सिस्टीम. आज आपण विसाव्या मजल्यावर राहतो. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव त्याच्या दारावरच्या पाटीवरून माहीत, आणि पाटी नसेल तर तेही नाही. वॉचमन काका रात्रपाळीला येतात ते अनेकदा अशीच कुठली तरी दारं बंद करून. तेव्हा चांगलं कुलूप घ्याच, चैन नाही ती. फक्त त्यानं दिलेल्या दहा मिनिटांत धावून येणारं कुणीतरी जोडा. तो माणूस दुकानात मिळत नाही आणि त्याला ईएमआयही नाही. समोरची बेल वाजवून नाव विचारायला लागतं, एवढंच.

जाता जाता...

- नवा भाड्याचा फ्लॅट घेतलात? मालकाला विचारून आधी सिलिंडर बदला. जुने भाडेकरू, एजंट, त्यांची कामवाली मावशी, किती किल्ल्या फिरतायत कुणास ठाऊक.

- कुलपाइतकाच खर्च चौकटीवर करा. लांब स्क्रू, जाड पट्टी, दणकट कोयंडा. सुतार अर्ध्या दिवसात करून देतो.

- काही कंपन्या किल्लीसोबत कार्ड देतात, ते दाखवल्याशिवाय डुप्लिकेट किल्ली मिळत नाही. ते कार्ड किल्लीच्याच जुडग्यात अडकवून ठेवू नका!

- नव्या घराच्या आनंदात किल्लीचा क्लोजअप स्टेटसला टाकू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २००८ सालीच फोटोवरून किल्लीचे दाते मोजून किल्ली बनवता येते, हे दाखवून दिलंय.

- पिकिंगचा छंद लागलाच, तर स्वतःचं, वापरात नसलेलं कुलूप घ्या आणि घरच्या टेबलावर बसा. घरफोडीची हत्यारं घेऊन योग्य कारणाशिवाय रात्री भटकताना सापडलात, तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ आहे. ‘साहेब, छंद आहे माझा’ हे पटवणं डमरूच्या पिनेपेक्षा अवघड जाईल.

- वीकेंडला निघताना वॉचमन काकांना आणि शेजाऱ्यांना सांगून जा. येताना त्यांच्यासाठी जव्हारहून काहीतरी आणा. पुढच्या वेळी ते न सांगता लक्ष ठेवतील.